हिमनद्यांचा ऱ्हास आणि माहितीपटाचे कथन : ‘चेसिंग आइस’ व ‘नॉट ओके’

हिमनद्यांचा ऱ्हास इतका संथ असतो की तो माणसाच्या नजरेस सहसा पडत नाही. चित्रपट मात्र दिसणाऱ्या गोष्टींवरच उभा असतो. ही अडचण दोन माहितीपटांनी कशी हाताळली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

जेफ ऑर्लोव्स्की दिग्दर्शित ‘चेसिंग आइस’ (२०१२) छायाचित्रकार जेम्स बेलॉग यांच्या प्रकल्पावर आधारलेला आहे. ठरावीक अंतराने टिपलेली छायाचित्रे सलग जोडून त्यांनी काही वर्षांचा काळ काही क्षणांत बसवला. तथापि प्रेक्षकाच्या स्मरणात राहते ते ग्रीनलंडमधील इलुलिस्सात हिमनदीचे २००८ मधील दृश्य : ७५ मिनिटे चाललेली हिमकड्याची पडझड. तिची विशालता पटवण्यासाठी मॅनहॅटनशी तुलनाही येते. दृश्य थक्क करणारे आहे, यात शंका नाही. परंतु समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचे टोक तुटणे ही तिची नैसर्गिक क्रियाच होय. ऱ्हास तुटण्यात नसून, तुटलेले भरून न येण्यात आहे. अलास्कातील कोलंबिया हिमनदी मागे सरत चौकटीबाहेर गेल्याने कॅमेराच वळवावा लागतो, हा साधा तपशील त्यामुळे अधिक बोलका वाटतो.

मानववंशशास्त्रज्ञ सिमीन हाउ व डॉमिनिक बॉयर यांच्या ‘नॉट ओके’ (२०१८) या माहितीपटाजवळ असे भव्य दृश्यच नाही. आइसलँडमधील ‘ओकयोकुल’ ही लहानशी हिमनदी. १९०१ मध्ये तिचे क्षेत्र सुमारे ३८ चौ. कि.मी. होते, २०१४ मध्ये ती हिमनदी उरली नसल्याचे हिमशास्त्रज्ञ ओद्दुर सिगुर्डसन यांनी जाहीर केले. दाखवण्यासारखे काही नाही, म्हणून येथे गोष्ट सांगितली जाते. आणि ती ओक पर्वत स्वतः, विनोदी नट व रेक्याविकचे माजी महापौर योन ग्नार यांच्या आवाजात सांगतो. ‘योकुल’ म्हणजे हिमनदी. बर्फ गेल्यावर नावातून हे पद गळते आणि नुसते ‘ओक’ उरते. इंग्रजी शीर्षकातील श्लेष काहीसा स्वस्त आहे, पण हे नावाचे गळणे कथनाचा खरा गाभा ठरते. स्वतःच्या भाराने सरकण्याइतकी जाडी बर्फात उरली नाही की हिमनदी संपली, असा शास्त्रीय निकष आहे. (मराठीतील ‘हिमनदी’ या शब्दातच तो अंतर्भूत आहे : जी वाहत नाही ती नदी कसली?) म्हणूनच ‘मृत्यू’ हे रूपक येथे केवळ भावुक वाटत नाही.

मात्र या रूपकात एक धोका संभवतो. मृत्यू नैसर्गिकही असू शकतो, आणि शोक करताना कारण विचारण्याचे राहून जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या पर्वतावर बसवलेल्या, आंद्री स्नाइर माग्नासोन यांच्या मजकुराच्या स्मृतिफलकाने ही उणीव भरून काढली. त्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइडचे त्या वर्षीच्या मे महिन्यातील प्रमाणही कोरलेले आहे : दशलक्ष भागांत ४१५.