नांव तेंच, नगर निराळें

लोकप्रिय कृतीचा नवा भाग निघाला आणि जुने चाहते त्यावर नाराज झाले, कीं "यांचा जुन्याचा मोह सुटत नाहीं" असें म्हणून त्यांची बोळवण करण्याची रीत आहे. पुष्कळदां ती योग्यही असते. पण कधीं कधीं या नाराजींतच त्या कृतीचें खरें परीक्षण असतें. 'सिमसिटी' या संगणकावरील खेळाची २०१३ सालची आवृत्ति हें याचें ठळक उदाहरण होय.

या मालिकेचा जन्म १९८९ सालचा. जनक विल राइट हा अमेरिकन गृहस्थ. एका युद्धाच्या खेळासाठीं नकाशे तयार करीत असतां त्याला असें आढळलें, कीं बेटांवर बाँब टाकण्यापेक्षां तीं वसविण्यांतच आपणांस अधिक मौज वाटते. ज्यांत हारही नाहीं नि जीतही नाहीं असा खेळ विकत कोण घेणार, अशी प्रकाशकांना शंका होती. अखेर 'मॅक्सिस' संस्थेनें तो बाजारांत आणला, आणि पुढें १९९३, १९९९ व २००३ सालीं त्याच्या वाढत्या आवृत्त्या निघाल्या. खेळणारानें मोकळ्या जमिनीवर वस्ती, व्यापार व कारखाने यांचे विभाग आंखावे, रस्ते काढावे, वीज पुरवावी, कर बसवावे; मग लोक येतात आणि नगर वाढतें, किंवा उजाड होतें. मनास आलें तर भूकंप घडवून सारें मोडावें व पुन्हां आरंभ करावा. आपल्या घरीं, आपल्या सवडीनें, कोणाच्या परवानगीवांचून एक जग उभें करणें, हा या खेळाचा आत्मा.

२०१३ च्या मार्चमध्यें आलेली आवृत्ति देखणी होती, हें कबूल केलें पाहिजे. वळणदार रस्ते, शेजारच्या नगरांशीं वीज-पाण्याची देवघेव, या कल्पनाही चांगल्याच. परंतु एकट्यानें खेळावयाचें झालें तरी इंटरनेटद्वारां प्रकाशकाच्या सर्व्हरशीं जोडून घेणें सक्तीचें केलें होतें. वसविलेलें नगरही तेथेंच साठविलें जाई. पहिल्याच दिवसांत सर्व्हरांवर असह्य ताण पडला, आणि पैसे मोजलेले लोक दाराबाहेर तिष्ठत राहिले. प्रकाशकांनीं भरपाई म्हणून दुसरा एक खेळ फुकट दिला.

पुढें सर्व्हर वाढले, गर्दी ओसरली. नाराजी मात्र ओसरली नाहीं. कारण दोष केवळ व्यवस्थेचा नव्हता. नगरासाठीं मिळणारी जागा जेमतेम दोन किलोमीटर लांब-रुंद. २००३ च्या खेळांतील मोठी जागा हिच्या चौपट होती. त्याहून चमत्कारिक गोष्ट नागरिकांची. सकाळीं एका घरांतून निघालेला इसम जवळ असेल त्या कामावर जाई, आणि संध्याकाळीं जें घर प्रथम रिकामें सांपडेल त्यांत शिरे. ज्या नगरांत कोणालाच स्वतःचें घर नाहीं, त्याला नगर कसें म्हणावें? आणि नीट पाहिलें तर जी गत त्या नागरिकाची, तीच खेळणाराची झाली होती. त्यानें वसविलेलें नगर त्याच्या घरीं नव्हतें. परक्याच्या जागेंत, परक्याच्या मर्जीवर होतें.

कर्त्यांचें म्हणणें असें, कीं खेळांतील पुष्कळशी आंकडेमोड सर्व्हरवर होत असल्यामुळें हें बंधन अपरिहार्य आहे. पण लौकरच एका जाणकारानें जोडणी तोडूनही खेळ चालवून दाखविला, आणि वर्षभरानें, २०१४ च्या मार्चमध्यें, कर्त्यांनीं स्वतःच तें बंधन ऐच्छिक केलें. तोंवर वेळ निघून गेली होती. २०१५ च्या मार्चमध्यें हा खेळ रचणारें मॅक्सिसचें एमरीव्हिल येथील कार्यालय बंद झालें. त्याच महिन्यांत फिनलंडमधील 'कोलोसल ऑर्डर' या छोट्या संस्थेचा 'सिटीज: स्कायलाइन्स' हा खेळ निघाला. त्यांत ऐसपैस जमीन होती आणि सक्तीची जोडणी नव्हती. पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या अडीच लाख प्रती खपल्या.

जुन्याच्या मोहाचा आरोप येथें टिकत नाहीं. नांवाचाच मोह असता, तर हे लोक नांव सोडून एका अनोळखी संस्थेकडे वळले नसते. त्यांना नव्याचें वावडें नव्हतें. त्यांना हवें होतें तें स्वातंत्र्य. तें ज्या जुन्या खेळांत होतें तो २००३ चा खेळ आजही आवडीनें खेळला जातो. आणि २०१३ नंतर 'सिमसिटी'ची तशी मोठी आवृत्ति पुन्हां निघालेली नाहीं.