मोजता न येणारी जमीन

टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही १८८६ सालची गोष्ट. वर्गात ती इंग्रजीतनं झाली, पण शिकवलं ते जास्त करून व्याकरणच. जमीन मोजता येत नाही, म्हणून ‘हाऊ मेनी’ नाही, ‘हाऊ मच’ लावायचं! इथं गुंठ्या-गुंठ्यावरनं भाऊबंदकी चाललेली, अन् म्हणे मोजता येत नाही. शेवटी पाहोम पळून पळून मरतो, सहा फुटांत पुरला जातो. तात्पर्य, लोभ वाईट. झाला धडा.

माझ्या मते गोष्टीचा जीव त्याच्या आधीच आहे. गावाजवळच्या मालकीणबाईचा कारभारी, जुना शिपाईगडी, जनावर शिरलं की दंड ठोकतो. बाई जमीन विकायला काढते, तेव्हा पाहोम शिंगरू विकतो, निम्म्या मधमाश्या विकतो, पोराला कामाला लावून मजुरी आगाऊ उचलतो, मेव्हण्याकडनं उसनं घेतो आणि चाळीस एकर करतो. कोंडवाड्यातनं गाय सोडवून आणलेला माणूस याला लोभ म्हणणार नाही.

अन् पुढं? शेजाऱ्यांची गुरं त्याच्या रानात शिरायला लागतात. आधी तो सोसतो, मग त्यांना कोर्टात ओढून दंड करायला लावतो. शेवटच्या धावण्यापेक्षा मला हा पाहोम जास्त खरा वाटतो. त्याच्यावर प्रश्न मात्र एकही विचारला नव्हता.