मोठ्याने वाचण्यास मनाई

लुईस कॅरल १८९८ साली निधन पावला. त्याच्या ‘ॲलिस’च्या पुस्तकावर आज कोणाचाच हक्क उरलेला नाही. ते कोणीही छापावे, विकावे, फुकट वाटावे. असे असूनही, संगणकावर वाचायची पुस्तके नवीन होती त्या काळात अडोबी कंपनीच्या वाचनप्रणालीसाठी निघालेल्या या पुस्तकाला अटींची एक यादी जोडलेली होती. मजकूर उतरवून घेता येणार नाही, छापता येणार नाही, कोणाला वाचायला देता येणार नाही. आणि शेवटची अट अशी की, हे पुस्तक मोठ्याने वाचता येणार नाही. नावेतून फिरताना लहान मुलींना तोंडी सांगितलेल्या गोष्टीतून जे पुस्तक जन्मले, त्यालाच ही अट!

कंपनीने खुलासा केला की, ही मनाई माणसांना नाही; संगणकाने पुस्तक वाचून दाखवण्याची जी सोय असते ती या पुस्तकापुरती बंद आहे, एवढाच तिचा अर्थ. मग एखाद्या अंध वाचकासाठी कोणी ती सोय चालू करून दिली तर ते चालेल का, असा प्रश्न लॉरेन्स लेसिग यांनी विचारला. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. हे उदाहरण त्यांच्या ‘फ्री कल्चर’ या २००४ साली निघालेल्या पुस्तकातले आहे. लेसिग हे अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक. कॉपीराइट, तंत्रज्ञान आणि राजकारण यांवर गेल्या वीसएक वर्षांत जे वाद झाले, त्यांत या पुस्तकाचा हवाला सतत दिला जातो. शिक्षकांच्या कामाचे त्यात किती आहे, हे आम्हाला पाहायचे आहे.

पुस्तकातला सर्वात पक्का भाग तंत्रज्ञानाचा आहे. कागदी पुस्तकाचे आपण काय काय करतो? वाचतो, पुन्हा वाचतो, मित्राला देतो, रद्दीत विकतो, उशाला घेऊन झोपतो. यांपैकी कशातही नक्कल होत नाही, आणि कॉपीराइटचा कायदा तर मुळात नकलेचा कायदा आहे. म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टी कायद्याच्या आवाक्यातच येत नव्हत्या. त्या करायला कोणाची परवानगी लागत नव्हती, इतकेच नव्हे, परवानगीचा विचारही कोणाच्या मनात येत नव्हता. संगणकावर मात्र नक्कल केल्याशिवाय काहीच होत नाही. एक पान पडद्यावर दिसायचे तर ते आधी साठवणीतून स्मृतीत उतरावे लागते. ते जाळ्यावरून आले असेल तर वाटेतल्या यंत्रांतही त्याच्या तात्पुरत्या नकला होतात. वाचणे ही क्रियाच अशी नकलेची झाली. कायद्यातला एकही शब्द न बदलता कायद्याचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले, ते केवळ यंत्राची रचना बदलली म्हणून. विज्ञान शिकवणाऱ्याला ही मांडणी आवडावी अशीच आहे. कारण आणि परिणाम यांची साखळी त्यात स्पष्ट दिसते.

याच्या जोडीला कुलपे आली. ॲलिसची यादी हे त्यांपैकी एक कुलूप. अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्याने असे कुलूप तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला; आतल्या मजकुराचा तुम्ही केलेला उपयोग एरवी कायदेशीर असला तरीही!

राजकारणाच्या भागात मात्र पुस्तक लंगडते. लेसिग आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगतात. एडविन आर्मस्ट्राँगने १९३५ साली एफएम रेडिओचे जाहीर प्रात्यक्षिक केले. लहरींची उंची नव्हे, तर वारंवारता बदलून आवाज पाठवायचा, म्हणजे विजांच्या कडकडाटाची खरखर त्यात मिसळत नाही. ज्या आरसीए कंपनीसाठी त्याने काम केले, तिचाच धंदा जुन्या एएम रेडिओवर उभा होता. पुढे १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८च्या वर नेला, आणि लोकांनी विकत घेतलेले सगळे एफएम संच एका निर्णयाने निकामी झाले. पेटंटच्या खटल्यांनी पिचलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ साली आत्महत्या केली. (वारंवारता विरूपण शिकवताना ही हकिकत सांगण्याजोगी आहे, सूत्रापेक्षा ती जास्त दिवस लक्षात राहते.) नवे तंत्र गुणावर हरत नाही, सत्तेपुढे हरते, हे लेसिग यांनी स्वतःच असे दाखवून दिले. मग ते न्यायालयात गेले ते मात्र केवळ गुणावर जिंकण्यासाठी.

१९९८ मध्येच अमेरिकेने आणखी एका कायद्याने कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवली. मिकी माउसचा पहिला गाजलेला बोलपट १९२८ सालचा, त्याची मुदत संपत आली होती. राज्यघटनेत ‘मर्यादित काळ’ असे शब्द आहेत. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली तर मर्यादा उरते कुठे, असा लेसिग यांचा युक्तिवाद होता. तर्क निर्दोष. १५ जानेवारी २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला. सहकाऱ्याने सुचवले होते की, लोकांचे प्रत्यक्ष नुकसान काय होते ते न्यायाधीशांपुढे ठेवा; आपण ते पुरेसे केले नाही, अशी कबुली लेसिग पुस्तकातच देतात. ती पाने वाचताना माणूस आवडतो, विश्लेषण अपुरे वाटते. हा कायदा कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या मतांनी झाला, याची नीट मांडणी पुस्तकात यायला हवी होती. काही वर्षांनी लेसिग कॉपीराइट सोडून राजकारणातल्या पैशाच्या प्रश्नाकडेच वळले, हे उल्लेखनीय आहे. आणि पुढची वाढ काही झाली नाही: १ जानेवारी २०२४ रोजी तो बोलपट सर्वांचा झाला.

आपल्याकडेही असाच प्रसंग येऊन गेला. रवींद्रनाथांचे निधन १९४१ सालचे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांनी, म्हणजे १९९१ अखेर, त्यांचे साहित्य मुक्त व्हायचे. विश्वभारतीचा हक्क टिकावा म्हणून ऐन वेळी वटहुकूम निघाला आणि मुदत ६० वर्षांची झाली. ती एकट्या रवींद्रनाथांसाठी नव्हे, सर्वांसाठी. त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ २००१ ऐवजी २०११ मध्ये मुक्त झाली. जयंत नारळीकर २०२५ साली गेले. त्यांची पुस्तके २०८६ उजाडल्यावर मुक्त होतील. त्यांच्या निधनाच्या वर्षी पाचवीत असलेला मुलगा तेव्हा सत्तरी ओलांडून गेला असेल.

लेसिग यांच्याशी आमचा मुख्य वाद वर्गाबद्दलचा आहे. आशियातल्या दुकानांत चोरून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांना ते सरळ चोरी म्हणतात. अमेरिकेने स्वतः १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना हक्क दिला नव्हता आणि डिकन्सला त्याबद्दल तक्रार करावी लागली होती. हा इतिहास त्यांना ठाऊक आहे, पण त्यातून गरीब देशांच्या शाळा-कॉलेजांबद्दल ते काही काढत नाहीत. आफ्रिकेतल्या एड्सच्या औषधांचे पेटंट शेवटी येते. झेरॉक्सच्या दुकानापुढची विद्यार्थ्यांची रांग येत नाही. वास्तविक हा वाद संगणकाच्या आधीचा आहे. १९६७ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत पाठ्यपुस्तकांसाठी विकसनशील देशांना सवलत मिळावी म्हणून भारताने पुढाकार घेतला होता. श्रीमंत देशांच्या प्रकाशकांनी ती हाणून पाडली. १९७१ मध्ये पॅरिसला जी तडजोड झाली ती इतकी किचकट होती की तिचा उपयोग फारसा कोणी केलाच नाही.

भारतातले उत्तर दिल्लीत मिळाले. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा काही निसर्गदत्त किंवा ईश्वरदत्त हक्क नव्हे, असे त्यांनी म्हटले. विद्यार्थी पूर्वी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत, तेच काम यंत्राने केले म्हणून ते बेकायदा होत नाही, असाही त्यांचा रोख होता. डिसेंबरमध्ये खंडपीठाने शिक्षणासाठी नक्कल करण्याचे तत्त्व कायम ठेवले, मात्र प्रत्यक्ष गरज किती होती हे तपासायला प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली.

या निकालाचा आधार कॉपीराइट कायद्याचे कलम ५२. अमेरिकेत ‘न्याय्य वापर’ हे मोघम तत्त्व आहे. ते म्हणजे वकील नेमण्याचा हक्क, असे लेसिगच म्हणतात. आपल्या कायद्यात शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नावाने उल्लेख आहे: शिकवण्याच्या ओघात त्यांनी केलेली नक्कल हा भंग नव्हे. हे फार थोड्या शाळांना माहीत असते. प्रश्नपत्रिकेत उतारा घालताना घाबरणारे मुख्याध्यापक आम्ही पाहिले आहेत, तसेच अख्खे पुस्तक स्कॅन करून पालकांच्या गटावर निर्धास्त पाठवणारेही. दुसऱ्यांना कलम ५२ वाचवीलच असे नाही.

संशोधकांची स्थिती आणखी विचित्र आहे. आम्ही लेख लिहितो त्याचे मानधन नाही, दुसऱ्यांचे लेख तपासतो तेही फुकट. हक्क मात्र बहुधा प्रकाशकाच्या नावे लिहून देतो, आणि मग आमचीच संस्था ते नियतकालिक विकत घेते. २०२५ पासून केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये ठेवले. त्यात सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधन संस्था आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षिकेला त्यातला एक लेखही उघडता येत नाही. लेसिग या विषयाला पुस्तकाच्या शेवटच्या भागात ओझरता स्पर्श करतात. आम्हाला तो पहिल्या भागात हवा होता.

कुलपांच्या बाबतीत मात्र लेसिगच बरोबर ठरतात, भारतातही. आपल्या कायद्यात २०१२ साली कुलपांचे कलम आले, ते अमेरिकेपेक्षा सौम्य आहे: हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडले तरच गुन्हा. त्याच दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी योग्य स्वरूपात प्रत करण्याची मुभा मिळाली, आणि २०१४ मध्ये अंध वाचकांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. पण संगणकातले कुलूप कलम ५२ वाचत नाही. वाचून दाखवण्याची सोय बंद असलेले पुस्तक दृष्टिहीन विद्यार्थ्यापुढे मुकेच राहते. मग कोणी स्वयंसेवक बसून पाने टंकित करतो किंवा स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करतो.

‘फ्री कल्चर’ पुस्तक लेखकाच्या परवानगीनेच इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येते. विकायचे नसेल तर छापून वाटायलाही हरकत नाही. सगळे वाचायला सवड नसेल त्यांनी ‘प्रॉपर्टी’ आणि ‘एल्ड्रेड’ ही दोन प्रकरणे वाचावीत. पहिल्यात नकलेची मांडणी आणि ॲलिसची यादी आहे, दुसऱ्यात हरलेल्या खटल्याची हकिकत. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी जड जाईल, पण पहिल्या प्रकरणातल्या आकृत्या फळ्यावर काढून दाखवता येतात.