वसा एकाचा, वसुली दुसऱ्याकडून

आपल्याकडे कुठलीही गोष्ट सोडायची तर आधी ती पोटभर खावी लागते. आषाढी एकादशीपासून चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून दोनच दिवस आधी कांदेनवमी. त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका असा कांद्याचा साग्रसंगीत निरोप समारंभ होतो. श्रावणात सामिष सोडणारे आषाढी अमावास्येला गटारी साजरी करतात. वास्तविक ती दिव्यांच्या पूजेची अवस. पण हे आता फक्त दिव्यांनाच ठाऊक!

वर्ज्य वस्तूंची निवडही पाहण्यासारखी. वांगं अस्सल इथल्या मातीतलं, त्याला चार महिने दाराबाहेर उभं केलेलं. आणि उपासाला चालणारे बटाटा, शेंगदाणा, मिरची, शिवाय ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मंडळी कोलंबसानंतर अमेरिका खंडातून आलेली. ती थेट सोवळ्यात!

इथवर करमणूक आहे. पण व्रताची खतावणी उघडली की हसू आवरतं. भाऊसाहेब कांदा-लसूण सोडतात. मुलं सोडत नाहीत. वहिनी दोन फोडण्या घालतात. उपास भाऊसाहेबांचा, खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी वहिनींची. पुण्य भाऊसाहेबांच्या खात्यात जमा, श्रम वहिनींच्या नावे!

ही अफरातफर सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीच्या अनामिक कर्त्यानं फार पूर्वी पकडली आहे. राजा संकल्प सोडतो महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा, आणि दूध मागवतो गावाचं. पोरं उपाशी, वासरं उपाशी. गाभारा काही भरेना. एक म्हातारी आधी मुलाबाळांना, वासरांना पोटभर पाजते आणि उरलेलं खुलभर दूध वाहते. गाभारा भरतो! कहाणीत उपदेशाचा आव नाही, राजाला शिक्षाही नाही. तो म्हातारीला कारण विचारतो आणि ऐकतो. मला कहाणीतला खरा चमत्कार हाच वाटतो.

ती कहाणी श्रावणी सोमवारी घरोघर वाचतात. ऐकताना भाऊसाहेब डोळे मिटून हात जोडतात, आणि उघडल्यावर विचारतात, “खिचडी टाकलीत का?”

तेव्हा कुणाला खरोखरच काही सोडायचं असेल, तर ‘माझ्यासाठी जरा वेगळं करा’ एवढं एकच वाक्य चार महिने सोडून पाहावं. मग कांदा खाल्लात तरी महादेवाची हरकत नसावी.