मुलांच्या फोनवर नजर : पेपर चांगला आहे, पण फोन कुणाचा?

पेपर हातात आला की आपण आधी आकडे बघतो. आज एक पेपर जरा वेगळ्या पद्धतीने वाचू.

मूल कोणती साइट उघडतं, कुणाशी बोलतं, कुठं आहे, हे पालकांना कळवणारी बरीच ॲप्स आहेत. अरूप कुमार घोष आणि सहकाऱ्यांनी 2018 साली त्यांवर 'सेफ्टी व्हर्सेस सर्व्हेलन्स' या नावाने सुरू होणारा पेपर लिहिला. अशा 37 ॲप्सबद्दल मुलांनी गूगल प्लेवर लिहिलेले 736 रिव्ह्यू त्यांनी तपासले. 79 टक्के मुलांनी दोन किंवा त्याहून कमी स्टार दिले होते. ॲप फार अडवतं, खासगीपणा राहत नाही, आईवडिलांशी नातं बिघडतं, अशा तक्रारी होत्या.

पेपरचं बळ हे की पालकांना न विचारता थेट मुलांचं ऐकलं. मर्यादा पण स्पष्ट आहे. रिव्ह्यू लिहायला बहुधा वैतागलेलाच जातो. म्हणून '79 टक्के मुलांना अशी ॲप्स नकोत' असं तुमच्या प्रबंधात लिहू नका. तो आकडा रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचा आहे, सगळ्या मुलांचा नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. या सगळ्या चर्चेत एक मूल, एक फोन आणि घरात असलेले पालक असं चित्र गृहीत धरलेलं असतं. आपल्या बीड जिल्ह्यात ते किती घरांत बसतं? गळीत हंगाम सुरू झाला की धारूर, वडवणी, पाटोद्याकडची जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. घरातला एकच फोन भाऊ, बहीण, आजी सगळे वापरत असतील, तर त्यातलं ॲप नेमकी कुणावर नजर ठेवतं? सगळ्यांवरच. उलट, शेकडो किलोमीटर लांब असलेल्या आईला मुलगी सुखरूप आहे हे कळणं गरजेचं वाटलं, तर तिला नुसतं 'पाळत ठेवणारी' म्हणून मोकळं होता येणार नाही.

कायदाही इथे अपुरा पडतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याच्या डेटासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागितलीय. म्हणजे 8 वर्षांचा पोरगा आणि 17 वर्षांची मुलगी एकाच मापात. शिवाय व्यक्तीने घरगुती कामासाठी वापरलेल्या डेटाला हा कायदा लागू नाही. त्यामुळे ॲप कंपनीला जाब विचारता येतो, पण घरातल्या घरात मुलाचं काय ऐकायचं, हे कायदा सांगत नाही.

आता तुमच्या कामाचं. या विषयावर सर्व्हे करणार असाल, तर गूगल फॉर्मची लिंक मुलाच्या फोनवर पाठवू नका. नजर ठेवणारं ॲप तिथेच असेल, तर 'पालकांचा राग येतो का?' याचं उत्तर पालकच वाचू शकतील. मग मूल खरं लिहील का? आणि लिहिलंच, तर त्याचे परिणाम कोण भोगणार? कागदी प्रश्नावली वापरा, नाव घेऊ नका. पालकांची परवानगी घ्या, तशीच मुलाचीही घ्या आणि 'नाही म्हटलं तरी चालेल' हे त्याला स्पष्ट सांगा. पहिला प्रश्न ठेवा : हा फोन घरात कोण कोण वापरतं?