फुजियानचीं मातीचीं सामाईक घरें व हक्का परंपरा : एक परीक्षण

चीन देशाच्या आग्नेय भागांत फुजियान नांवाचा जो प्रांत आहे, त्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ मुलखांत ‘तुलौ’ या नांवानें ओळखलीं जाणारीं चोपलेल्या मातीचीं प्रचंड सामाईक घरें आहेत. त्यांपैकीं ४६ घरांस युनेस्कोनें २००८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. तेव्हांपासून त्यांजविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. व त्या लिखाणांत तीन विधानें सिद्ध धरून चालण्याचा प्रघात पडला आहे. पहिलें, हीं घरें ‘हक्का’ नामक लोकांनीं आपल्या उत्तरेकडील मूलस्थानाहून आणलेल्या परंपरेचीं आहेत. दुसरें, त्यांतील कांहीं घरें सहाशें-सातशें वर्षांचीं जुनीं आहेत. तिसरें, त्यांच्या आंतील जीवन पूर्ण समतेचें होतें. या तिन्ही विधानांस आधार कोणता, व तो कितपत टिकतो, एवढेंच पाहण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम वास्तूचें स्वरूप सांगितलें पाहिजे. खालीं दगडी जोतें, त्यावर धुम्मसानें थरावर थर चोपून उभारलेली व आंत बांबूच्या कांबी घातलेली मातीची भिंत. तिची जाडी पुष्कळ ठिकाणीं तीन-चार हातांची. भिंतीच्या आंतल्या अंगास लांकडी मजले. बाहेरून पहावें तों खालच्या दोन मजल्यांस बहुधा खिडकी म्हणून नाहींच. दरवाजा मुख्य असा एकच, त्याच्या फळ्यांवर लोखंडी पत्रा, आणि शत्रूनें आग लाविल्यास ती विझविण्यासाठीं वरून पाणी सोडण्याची सोय. आंत तळमजल्यावर चुली, दुसऱ्या मजल्यावर धान्याचीं कोठारें, त्याच्या वर निजण्याच्या खोल्या. मध्यें मोकळें आंगण, विहिरी व पूर्वजांच्या पाट्यांचें पूजास्थान. योंगदिंग भागांतील छंगछी-लौ हें याचें नामांकित उदाहरण. तें १७०९ सालीं पुरें झालें. त्याच्या बाहेरील चार मजली कड्यांत दर मजल्यास ७२ खोल्या असून आंत आणखी कडीं आहेत व अगदीं मध्यभागीं पूजास्थान आहे. अशा मोठ्या घरांतून आठशेंपर्यंत माणसें राहत असत. आमच्याकडील पांढरीच्या मातीच्या गढीशीं याची तुलना करण्याचा मोह वाचकांस होईल. परंतु गढी एका वतनदाराची असे, आणि हें घर सगळ्या भाऊबंदांचें, हा भेद लक्षांत ठेवावा.

आतां पहिलें विधान घेऊं. जागतिक वारशाच्या यादींत या घरांचें नांव ‘फुजियानचीं तुलौ’ असें आहे, ‘हक्कांचीं तुलौ’ असें नाहीं. यादींतील ह्वाआन तालुक्याच्या तादी गांवचें अर्यी-लौ घ्या. हें १७४० ते १७७० या काळांत बांधलेलें भव्य वर्तुळाकार घर हक्कांचें नसून दक्षिण फुजियानची मिन्नान भाषा बोलणाऱ्या च्यांग कुळाचें आहे. छंगछी-लौच्या मालकांचेंही आडनांव आपल्या लिपींत ‘च्यांग’ असेंच उतरतें. पण दोहोंचीं चिनी अक्षरें निराळीं आहेत व कुळेंही निराळीं आहेत. भाषांतरांवरून काम करणाराची येथें फसगत होण्याचा संभव आहे, म्हणून हें मुद्दाम नमूद केलें.

याहून बळकट पुरावा दरवाजावरील शिलालेखांचा. ज्या घरांवर बांधणीचें वर्ष दगडांत कोरलेलें आहे, त्यांतील जुनीं म्हणून जीं दाखविलीं जातात तीं अशीं : चांगपू येथील चौकोनी यीदे-लौ, १५५८, ह्वाआनमधील लंबवर्तुळाकार छीयुन-लौ, १५९०, त्याच भागांतील गोल शंगफिंग-लौ, १६०१. तिन्ही स्थळें मिन्नान भाषेच्या मुलखांतील आहेत. यास समकालीन लेखी जोडही आहे. चांगचौ परगण्याच्या १५७३ सालच्या सरकारी स्थळवृत्तांतांत म्हटलें आहे कीं, पूर्वीं मातीचे कोट थोडे होते. १५६१ च्या सुमारापासून जागोजाग लुटारू माजल्यामुळें लोक मातीचे वेढे व मातीचीं घरें बांधूं लागले, व समुद्रकांठीं तीं विशेष झालीं. हा काळ त्या किनाऱ्यावर चांच्यांनीं धुमाकूळ घातला त्याच्याशीं जुळतो. वास्तुकार ह्वांग हानमिन यांनीं वर्तुळाकार घरांचें मूळ चांगचौ भागांत असल्याचें प्रतिपादन केलें आहे, तें या पुराव्यास धरूनच आहे.

उलटपक्षीं, हक्कांचें ठाणें म्हणून जो मुलूख सर्वमान्य आहे, त्या क्वांगतुंग प्रांतांतील मेइश्येन भागांत पहावें, तर तेथील खास घर गोल तुलौ नव्हे. पुढें अर्धवर्तुळाकार तळें व मागें अर्धवर्तुळाकार खोल्यांची ओळ असलेली ती वेगळीच रचना आहे. दक्षिण च्यांगशी प्रांतांतील हक्कांचीं तटबंदीचीं घरें तर बहुतेक चौकोनीच. गोल घर ही हक्कांनीं उत्तरेहून बरोबर आणलेली ठेव असती, तर ती त्यांच्या सर्व वस्त्यांतून दिसावयास हवी होती. ती दिसते एका विवक्षित डोंगरपट्टींत, जेथें हक्का व मिन्नान शेजारीं राहतात. शिवाय ‘हक्का’ म्हणजे ‘पाहुणीं कुटुंबें’. हें नांव आपलें म्हणून अभिमानानें मिरविण्याची वृत्ति मुख्यतः एकोणिसाव्या शतकांतील, विशेषेंकरून क्वांगतुंगमध्यें स्थानिक लोकांशीं १८५५ ते १८६७ पर्यंत चाललेल्या रक्तपातानंतरची. सोळाव्या शतकांतील गवंड्याच्या तोंडीं तें घालणें हा कालविपर्यास होय.

तथापि, प्रतिपक्षाच्या बाजूनें दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. शिलालेख दरवाजाचें वर्ष सांगतो. ज्या घरावर लेखच नाहीं तें अर्वाचीन, असें त्यावरून ठरत नाहीं. दुसरें, किनाऱ्याच्या परगण्याचा वृत्तांत लिहिणारास किनाराच अधिक दिसणार. म्हणून ‘मूळ मिन्नानांचेंच’ असें छातीठोकपणें म्हणण्यापेक्षां, लेखी पुरावा त्या बाजूस झुकतो व ‘मूळ हक्कांचें’ या पक्षास तसा पुरावा नाहीं, एवढेंच म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटतें.

दुसरें विधान प्राचीनतेचें. नानजिंग तालुक्यांतील (हें त्या नांवाचें प्रख्यात शहर नव्हे) यूछांग-लौ १३०८ सालचें म्हणून प्रवाशांस दाखविलें जातें. त्याचे खांब कलून वांकडेतिकडे झाले आहेत, आणि तें पाहून कोणासही तें अतिप्राचीन वाटेल. पण खांब कलणें हा बांधकामाच्या चुकीचाही परिणाम असतो. तो कालगणनेचा पुरावा नव्हे. हें घर त्या ४६ घरांच्या यादींत नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. योंगदिंगमधील जीछिंग-लौ यादींत आहे. त्याचें परंपरागत वर्ष १४१९. अशा वर्षांचा उगम बहुतकरून कुळांच्या वंशावळींत व तोंडी परंपरेंत असतो.

वंशावळ कसें साधन आहे, हें या पृष्ठांच्या वाचकांस सांगणें नको. वतनाच्या तंट्यांत पुढें आलेल्या वंशावळी व करीने ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस मूळपुरुषाचा काळ मागें मागें कसा सरकतो हें ठाऊक आहे. आणि राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, ती विसरण्यासारखी नाहीं. हक्कांच्या इतिहासाचा पाया लुओ श्यांगलिन यांनीं १९३३ सालच्या आपल्या ग्रंथांत घातला. मध्य चीनमधील कुलीन घराण्यांचीं पांच स्थलांतरें, असा जो क्रम त्यांनीं बसविला, त्याचा मोठा आधार वंशावळींचाच. त्यांचा उद्योग अफाट होता व हक्का हे चिनीच नव्हत अशी हेटाळणी करणारांस त्यांनीं उत्तर दिलें, हें श्रेय त्यांचें आहे. परंतु वंशावळ लिहिणारास आपलें कुळ उत्तरेकडील कुलीनांशीं जोडण्यांत मान होता. अशा साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याखेरीज त्याची जबानी स्वीकारणें बरोबर नव्हे. त्यांत १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतींत असंख्य वंशावळी जळाल्या, व १९८० नंतर पुष्कळ कुळांनीं त्या नव्यानें जुळवून छापल्या. म्हणजे आज हातीं येणारी प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारावा लागतो.

घर स्थापिल्याचें वर्ष आणि उभ्या भिंतीचें व लांकडाचें वय, यांतही भेद केला पाहिजे. थ्येनलुओखंग येथील पांच घरांच्या समूहांत मधलें चौकोनी पूयुन-लौ १७९६ चें; तें १९३६ सालीं दरोडेखोरांनीं जाळलें, व १९५३ सालीं पुन्हा बांधलें गेलें. त्याच समूहांतील लंबवर्तुळाकार वनछांग-लौ तर १९६६ चें आहे. आमच्या मतें यांत उणेपणा कांहींच नाहीं. माती चोपून असें घर उभारण्याची विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जिवंत होती, ही गोष्ट एखाद्या संशयित १३०८ पेक्षां अधिक मोलाची आहे.

तिसरें विधान समतेचें. सर्व खोल्या सारख्या, मोठ्यास मोठी व धाकट्यास लहान असा भेद नाहीं, हें वर्तुळाकार घरापुरतें खरें आहे. प्रत्येक कुटुंबाकडे तळापासून माथ्यापर्यंत एक उभा पट्टा असे : चूल, कोठार व शयनगृह एकावर एक. परंतु हक्कांच्या घरांत जिने व सज्जे सर्वांचे सामाईक असतात, तर अर्यी-लौसारख्या मिन्नान घरांत प्रत्येक बिऱ्हाडास स्वतःचा जिना असून सर्वांस जोडणारी वाट फक्त चवथ्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीलगत, संरक्षणापुरती ठेविलेली आहे. एकाच वर्तुळांत शेजारधर्माचे असे दोन निरनिराळे प्रकार नांदत होते. दोहोंस ‘सामुदायिक जीवन’ हें एकच नांव देऊन भागत नाहीं.

खेरीज, चिनी वहिवाटीप्रमाणें बापाची मिळकत सर्व मुलांत सारखी वांटली जाई. ज्या शाखेस एक मुलगा तिचा पट्टा अखंड राही. ज्या शाखेस चार मुलगे तिच्यांत एका पट्ट्याचे तुकडे पडत. तीन-चार पिढ्यांनीं सारख्या खोल्यांतून विषम वांटे निर्माण होणें अपरिहार्य होतें. भिंतीची समता ही बांधणाराची योजना होय. राहणारांची स्थिति वांटणीपत्रें पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

आणखी एक गोष्ट बहुतेक लेखक वगळतात. एकाच आडनांवांत विवाह निषिद्ध असल्यामुळें एका कुळाच्या घरांतील प्रत्येक सून बाहेरून आलेली. हक्का स्त्रिया सामान्यतः पाय बांधीत नसत; शेताचें कष्टाचें काम त्यांजकडे असे, आणि पुरुष परमुलखीं गेले म्हणजे घरही त्याच चालवीत. असें असून वंशावळींत त्यांची नोंद बहुधा माहेरच्या आडनांवापुरती. ज्या तळमजल्यावर चुलींची व विहिरींची रांग आहे, तो अर्धा इतिहास त्यांचा आहे. आणि ‘समते’ची कथा ज्या कागदांवरून रचली जाते, त्या कागदांत त्यांस नांव नाहीं.

एकंदरींत आमचा निष्कर्ष असा : पहिलें विधान उपलब्ध लेखांशीं विसंगत आहे, दुसरें कांहीं घरांपुरतें असिद्ध आहे, तिसरें वास्तूविषयीं खरें असून माणसांविषयीं अर्धेंच खरें आहे. यानें या घरांची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं. ज्यांस परस्परांच्या भाषाही कळत नव्हत्या अशा दोन समाजांनीं एकाच संकटास एकच उत्तर शोधावें व शेजाऱ्याची विद्या शेजाऱ्यानें उचलावी, हा इतिहास एका जातीच्या गौरवकथेपेक्षां अधिक विचार करण्याजोगा आहे.

चिंता आहे ती निराळीच. पुष्कळ घरांतील तरुण मंडळी शहरांत व परदेशीं गेली असून खोल्या रित्या पडल्या आहेत. भिंतींस आतां सरकारचें व युनेस्कोचें संरक्षण मिळालें. पण पेट्यांतील वांटणीपत्रें, खरेदीखतें, जमाखर्चाच्या वह्या व जुन्या हस्तलिखित वंशावळी यांस तें आपोआप मिळत नाहीं. राहणारा उठून गेला कीं कागद रद्दींत जातो, हें दफ्तरें धुंडाळणारास सर्वत्र सारखेंच अनुभवास येतें. म्हणून घराचें चित्र घेणारानें घरांतील कागदाचीही नक्कल घ्यावी, प्रत कोणाकडे व कोणत्या स्थितींत मिळाली तें टिपावें, आणि मगच वर्षाचा आंकडा लिहावा. तसें झालें तर वर मांडलेल्या मतांत जें चुकीचें ठरेल तें आम्ही आनंदानें सोडूं.