बोरन्हाणाचं पान

पान बारा इंच लांब, बारा इंच रुंद. त्यावर मध्यापासून जरा डावीकडे आणि वर सरकवलेला एकच फोटो. पाटावर बसलेलं दीड वर्षाचं पोर, अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, मान वर वळलेली. वरून बोर येतंय आणि त्याला ते दिसलंय. गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये राहणाऱ्या एका मराठी बाईंनी भाचीच्या मुलासाठी केलेल्या अल्बममधलं हे पान. त्यात बारसं आहे, उष्टावण आहे, वाढदिवसाची चार पानं आहेत आणि ती सगळी नीटनेटकी आहेत. पण रसिकाने थांबावं ते याच पानाशी. स्क्रॅपबुकसाठी दिल्लीत आज जो नवा माल मिळतो, त्यातल्या बहुतेक जाती इथे हजर आहेत आणि तरी पानावर गर्दी झालेली नाही. हे कसं जमलं, ते थर उचलून पाहण्यासारखं आहे.

आधी माल कुठून येतो ते. चावडी बाजारात कागद आणि लग्नपत्रिका, नई सडकेवर वह्या-पुस्तकं, आणि दरीबा कलांच्या बाजूने आत शिरलं की किनारी बाजारात जर, टिकल्या, गोटा-पट्टी, रामलीलेचे मुकुट. स्क्रॅपबुकचं वेड बाहेरून आलं, हे खरं. पण त्याला लागणाऱ्या कसबाची ओळख चावडीला पत्रिकांमुळे आधीपासूनच होती. उठावाची छपाई, सोनेरी फॉइल, डायने कापलेली जाळी, पाकिटाच्या तोंडावरची लाख, हे सगळं पत्रिकेवर आधी आलं आणि अल्बममध्ये नंतर. म्हणूनच इथला कारागीर डाय-कटचं काम हातात घेतो तेव्हा ते त्याला परकं नसतं.

आता तळ पाहा. सर्वांत खाली काळा कार्डस्टॉक, तीनशे जीएसएमचा, म्हणजे बोटात धरला तर वाकणार नाही असा. काळ्यावर काळं झबलं म्हणजे फोटो गिळला जाण्याची पुरती सोय. बाईंनी फोटोभोवती जेमतेम तीन मिलिमीटरची पांढरी चौकट ठेवली आहे. चार मिलिमीटर झाली असती तर ती फ्रेम दिसली असती. तीनवर ती चौकट म्हणून जाणवतच नाही, मुलाच्या अंगावरच्या हलव्याचा पांढरा रंग कडेपर्यंत पसरलाय एवढंच वाटतं. काळ्या झबल्यावर पांढरा दागिना, ही संक्रांतीची मूळ रंगसंगती अख्ख्या पानाने उचलली आहे, आणि ती एका कात्रीच्या चिरेवर उभी आहे.

काळ्यावर हातकागदाचा एक मोठा तुकडा आहे, मळकट पांढरा. त्याच्या तीन कडा सुरीने सरळ कापलेल्या आणि खालची चौथी तशीच सोडलेली, फिसकटलेली. चाळणीवर लगदा घेताना चौकटीच्या फटीतून थोडे तंतू बाहेर झिरपतात आणि ही कड आपोआप तयार होते. यंत्रावरच्या कागदाला ती नसते, म्हणून आता दुकानात मुद्दाम फाडून केलेली खोटी कडही मिळते. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर कड उजेडासमोर धरावी. खरी कड हळूहळू पातळ होत जाते, फाडलेली एकदम संपते. बाईंची खरी आहे. ती त्यांनी नेमकी खाली ठेवली आहे, जिथे फोटोत जमिनीवर चुरमुरे सांडलेत. सांडलेल्या चुरमुऱ्यांची विस्कटलेली रेषा आणि कागदाची विस्कटलेली रेषा एकाखाली एक येतात. योगायोग म्हणावा तर बाकीच्या तीन कडा इतक्या सरळ का?

हा कागद जयपूरजवळच्या सांगानेरचा, तिथल्या कागजींच्या परंपरेतला, होजिअरीच्या सुती कतरणीपासून केलेला. अल्बमसाठी असा कागद घेण्यामागे नुसती हौस नसते. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कागदाला पिवळा करतं, सुती चिंध्यांत ते जवळजवळ नसतंच. मराठी माणसाला हातकागद म्हटलं की पुणं आठवतं, शिवाजीनगरची संस्था आठवते. राज्यघटनेची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखित केली, ती पुण्याच्याच हातकागदावर. ती आज दिल्लीत संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेटीत आहे. पोराच्या बोरन्हाणाला नायट्रोजन कोण देणार! पण निदान कागद तरी त्या जातीचा असावा, ही बाईंची समज दाद देण्याजोगी.

उजव्या वरच्या कोपऱ्यात एक जाळी आहे. बोरीची फांदी, तिच्यावर दोन पोपट, खाली चार-पाच बोरं, सगळं एकाच कागदात कापलेलं. इथे मात्र बसूनच पाहायला हवं, कारण ही जाळी लेझरची नाही, सांझीची आहे. मथुरा-वृंदावनच्या देवळांत पितृपक्षात रंगीत भुकटीने जी सांझी घालतात, तिच्यासाठी कागदाचे खाके कापले जातात. बारीक टोकाची कात्री कागदात रोवायची आणि कागद फिरवायचा. एकेका रंगाला वेगळा खाका. भुकटी टाकून खाका अलगद उचलायचा, म्हणून त्यातला कुठलाही भाग सुटा राहून चालत नाही, प्रत्येक पान, प्रत्येक चोच कुठेतरी जोडलेली हवी. हे बंधन भुकटीसाठी होतं. आता भुकटी गेली, खाका हाच दागिना झाला, पण बंधन राहिलं, आणि सांझीचं सगळं सौंदर्य त्या बंधनात आहे. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांची खेळचिन्हं सांझीवरून बेतली होती, तेव्हा शहरभर ती दिसली होती. बघणाऱ्यांतल्या कितीजणांनी ते सांधे पाहिले असतील कोण जाणे.

इथे ते पाहा. वरच्या पोपटाची चोच बोराला टेकली आहे. तो खाण्याचा आविर्भाव आहेच, पण ते बोर जाळीला तिथेच, फक्त चोचीशीच जोडलेलं आहे. चोच काढली तर बोर गळून पडेल. कारागिराने सांध्याची गरज आणि चित्राचा अर्थ एकाच बिंदूत भागवला. आणि पानांच्या शिरा: लेझरने कापल्या असत्या तर प्रत्येक शीर सारख्या जाडीची आली असती, कडेला जळकट तपकिरी छटा घेऊन. इथे कात्री आत शिरताना चीर रुंद आहे, बाहेर पडताना केसाएवढी. हात थांबला कुठे आणि सुटला कुठे, ते कागदावर उमटलंय.

बाईंनी ही जाळी तळाला सपाट चिकटवलेली नाही. फोमचे बारीक ठिपके लावून ती दोनेक मिलिमीटर वर उचलली आहे, त्यामुळे हातकागदावर तिची सावली पडते. खिडकीपाशी अल्बम धरला की सावली लांबते, दिव्याखाली आखडते. सकाळचं पान आणि रात्रीचं पान वेगळं दिसतं, तेही रंगाचा एक थेंब न वाढवता. उंची देण्यासाठी बाजारात आता फुगीर स्टिकर, रेझिनचे खडे, एमडीएफचे तुकडे असं काय काय मिळतं. या दोन मिलिमीटरच्या पोकळीपुढे त्यांतलं काहीच टिकत नाही.

आणि आता पानाचा जीव. फोटोच्या खाली उजवीकडे रुपयापेक्षा थोडी मोठी अशी गोल खिडकी आहे. पारदर्शक चकती, तिच्यामागे फोमचं कडं आणि आत मोकळे सुटे मणी. या प्रकाराला शेकर म्हणतात. मागल्या काही वर्षांत तो इतका बोकाळला की भेटकार्डापासून वहीच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळीकडे टिकल्या खुळखुळतात. बहुतेक ठिकाणी त्या का खुळखुळतात हे कोणालाच सांगता येत नाही. इथे आत पांढरे काचमणी आहेत, मधूनच एखादा गुलाबी, एखादा पिवळा. मणी मुद्दाम ओबडधोबड निवडलेले, काटा आलेल्या हलव्यासारखे. खिडकीची मागची बाजू काळी आहे, म्हणजे पुन्हा तेच झबलं, तोच हलवा.

कसब भरण्यात आहे. नवशिका माणूस शेकर काठोकाठ भरतो, मग मणी हलतच नाहीत. बाईंनी खिडकी फक्त एक तृतीयांश भरली आहे. शिवाय चकतीच्या आतल्या बाजूला स्थिर विजेने मणी चिकटून बसतात, त्यावर उपाय म्हणून पावडरचा पुसट हात फिरवलेला असणार, कारण एकही मणी काचेला धरून राहत नाही. आता पान उलटा. उलटताना अल्बम कलतो, सगळे मणी वरच्या कडेला जमतात, आणि पान सपाट होता होता सर्रकन खाली येतात. पाहणाऱ्याने काही करायचं नाही, नुसतं पान उलटायचं, की बोरन्हाण होतं. वर फोटोत बोर अजून हवेत आहे आणि खाली हलवा पडून मोकळा झालाय. शेकरचं इतकं अचूक प्रयोजन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सोनं पानावर तीनच जागी आहे. फोटोच्या डाव्या कोपऱ्याशी गोट्याची बोटभर पट्टी, जाळीच्या देठाशी फॉइलचा ठिपका, आणि शेकरच्या कड्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. तिन्ही जोडल्या तर त्रिकोण होतो आणि त्याच्या पोटात मुलाचा चेहरा येतो. स्क्रॅपबुकवाले ही युक्ती पहिल्या धड्यात शिकतात, त्यात नवल नाही. नवल आहे ते तीन सोन्यांच्या तीन वेगळ्या चकाकीत. फॉइल हे खरं तर ॲल्युमिनियम: पॉलिएस्टरच्या पट्टीवर पिवळा रंग, त्यावर धातूचा अतिपातळ थर, आणि तापलेल्या पितळी ठशाने तो कागदावर दाबलेला. ते आरशासारखं लख्ख चमकतं. गोटा विणलेला असतो, आडव्या धाग्याच्या जागी चपटी तार, म्हणून त्याची चमक तुटक, किणकिणती. आणि रेघ पेनची, जवळजवळ मंद. सगळ्यात तेज चमक सगळ्यात लहान ठिपक्याला आणि मंद चमक सगळ्यात लांब रेघेला दिली आहे. मोठ्या पट्टीला फॉइल लावलं असतं तर पोराच्या आधी तीच दिसली असती.

गोट्याची ही पट्टी जुन्या साडीची असावी, कारण एका टोकाला ती काळवंडली आहे. चांदीची तार काळी पडते, आजची प्लास्टिकची पट्टी पडत नाही. किनारी बाजारात आता बहुतेक माल दुसऱ्या जातीचा, आणि त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही, तो अल्बममध्ये जास्त टिकतो. तरी ते काळं टोक बाईंनी कापून टाकलं नाही, याचं मला बरं वाटलं. छापील चित्रावर जर-टिकली चढवायची हौस आपल्याकडे जुनीच. 1894 साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला राजा रविवर्म्याचा छापखाना घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोचवू लागला, तेव्हा बायकांनी त्या तसबिरींना खऱ्या कापडाची साडी नेसवली, टिकल्यांचे दागिने घातले. ज्याला आज अमेरिकी छंद म्हणतात त्याचं हे आपलं घरचं रूप.

खटकण्याजोगी गोष्ट एकच. खालच्या डाव्या कोपऱ्यात लाखेचा तयार ठसा चिकटवला आहे, वर गुलाबाचं फूल. खरी लाख पाकीट बंद करते. मागे चिकटपट्टी लावून आलेला हा ठसा काहीच बंद करत नाही, नुसता बसून राहतो. सध्या त्याची चलती आहे, वाळलेल्या फुलांची आणि जुन्या तिकिटांच्या नकलांचीही आहे, आणि एवढ्या चोखंदळ बाईंनाही त्याचा मोह आवरला नाही. वॉशी टेपच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडला. जपानमधल्या कुराशिकीच्या एका चिकटपट्टीच्या कारखान्याने 2008मध्ये ही रंगीत कागदी पट्टी बाजारात आणली आणि जगभरच्या वह्या तिने भरून गेल्या. इथे ती फक्त फोटोच्या मागे, बिजागरी म्हणून आहे, कारण ती निघताना कागद फाडत नाही.

हो, बिजागरी. फोटोची खालची कड धरून वर उचलली की मागे खिसा आहे आणि खिशात दोरा बांधलेली चिठ्ठी. अक्षर पणजीबाईंचं, शाई निळी, ओळी किंचित चढत जाणाऱ्या. बोरन्हाणात काय काय होतं त्याची यादी: बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या, आणि शेवटी, 'करव्यांऐवजी गंडेरी', दोन्ही उसाचेच तुकडे. ना जाळी, ना सोनं. इतकी सजावट करणाऱ्या बाईंनी या चिठ्ठीला साधी किनारही लावली नाही, आणि ती उघड्यावर न ठेवता फोटोमागे ठेवली. माझ्या मते पानावरचा सर्वांत जाणता निर्णय हाच.

असं पान करावंसं वाटलं तर दोन गोष्टी सांभाळा. गोंद आम्लरहित घ्या आणि फोटोवर पीव्हीसीचं पाकीट चढवू नका, आम्ल आणि पीव्हीसी दोन्ही फोटो खातात. चावडी बाजाराला मेट्रोने जा, स्टेशन बरंच खोल आहे, तेव्हा वर यायला वेळ धरा. कागद उजेडाला धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि रविवारी जाऊ नका, घाऊक दुकानं बंद असतात.